कराटेच्या वर्गातल्या जपानी आज्ञा आणि दोजोचे शिष्टाचार कसे शिकावेत

दोजोत, म्हणजे कराटे शिकण्याच्या जागेत, पहिल्या दिवशी ठोसे-लाथा फारशा जड जात नाहीत, शब्द जड जातात. समोरून ‘सेइझा’, ‘मोकुसो’, ‘ओतागाई नी रेई’ असं एकामागून एक येत राहतं. बाकीचे झटकन बसतात, वाकतात, उठतात आणि नवा विद्यार्थी शेजाऱ्याकडे बघत अर्धा क्षण मागे राहतो. मग घरी येऊन तो शब्दांची लांबलचक यादी पाठ करायला घेतो. तसं करू नका. हे शब्द वर्गात ज्या क्रमाने कानावर पडतात त्याच क्रमाने, त्या त्या हालचालीसकट शिकलात तर ते आपोआप अंगवळणी पडतात. म्हणून इथे घरून निघण्यापासून वर्ग सुटेपर्यंत असा क्रम ठेवला आहे.

आधी एक गोष्ट लक्षात असू द्या. कराटे मूळचं ओकिनावा बेटाचं. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये ते टोकियोत दाखवलं आणि पुढे तिथेच राहून शिकवलं. पांढरा पोशाख, कमरेचा पट्टा आणि क्यू (काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्या) आणि दान (काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या) ही श्रेणीची पद्धत त्यांनी जिगोरो कानो यांच्या जुदोवरून घेतली. कराटेतले पहिले काळे पट्टे त्यांनी १९२४ मध्ये दिले. म्हणजे आज आपण जी शिस्त पाळतो तिचा बराच भाग जेमतेम शंभर वर्षांचा आहे आणि शैलीनुसार तो बदलतो. मी इथे मुख्यतः शोतोकान या शैलीची पद्धत धरली आहे. तुमच्या सेन्सेईंनी म्हणजे शिक्षकांनी काही वेगळं सांगितलं, तर त्यांचंच ऐका.

१. घरून निघताना

हातापायांची नखं कापलेली हवीत. अंगठ्या, बांगड्या, कडं, कानातलं, गळ्यातली साखळी घरीच ठेवा. मनगटावरचा दोरा काढायचा नसेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, कारण जोडीदाराचं बोट त्यात अडकू शकतं. शिष्टाचाराच्या नावाखाली सांगितल्या जाणाऱ्या निम्म्या गोष्टी अशा सुरक्षेच्याच असतात.

पोशाखाला ‘गी’ म्हणतात. घालताना डावी बाजू वर आणि उजवी आत, असंच घालायचं, स्त्री असो वा पुरुष. जपानमध्ये उजवी बाजू वर ठेवून कपडा नेसवतात तो मृतदेहाला, त्यामुळे ही चूक तिथल्या माणसाला फार खटकते. पट्टा म्हणजे ‘ओबी’. त्याचा मध्य बेंबीवर धरून दोन वेढे घ्या आणि गाठ समोर बांधा. दोन्ही टोकं सारख्या लांबीची लोंबली पाहिजेत. वर्ग चालू असताना पट्टा सुटला, तर शोमेनकडे म्हणजे समोरच्या भिंतीकडे पाठ करून गुडघ्यावर बसा आणि नीट बांधून पुन्हा रांगेत या.

२. दारात

चपला बाहेर काढा आणि त्यांची टोकं दाराबाहेरच्या दिशेला वळवून ठेवा. आत पाऊल टाकण्यापूर्वी थांबून एकदा वाका. हे ‘रेई’. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांच्या बाजूला, पाठ सरळ आणि कमरेतून साधारण तीस अंश खाली. मान वर काढून समोर टक लावून बघत वाकणं उद्धटपणाचं दिसतं. नजर शरीराबरोबर खाली जाऊ द्या.

हा नमस्कार कोणाला, भिंतीवरच्या फोटोला का, आपल्या धर्मात हे बसतं का, असं पालक पुष्कळदा विचारतात. त्यांची शंका रास्त आहे. तालमीत उतरताना पैलवान लाल माती कपाळाला लावतो, तसंच हे आहे: ज्या जागेत आपण घाम गाळणार तिचा आणि ज्यांनी ही विद्या इथवर आणली त्यांचा मान. यात कुठल्याही देवाची पूजा नाही.

उशीर झाला तर सरळ रांगेत घुसू नका. दाराजवळ गुडघ्यावर बसून सेन्सेईंची नजर जाईपर्यंत थांबा. त्यांनी खूण केली की वाका आणि मागच्या बाजूने जाऊन शेवटी उभे राहा. शरीर गरम झालेलं नसताना मध्येच सरावात उतरणारा माणूस स्वतःलाही दुखापत करून घेतो आणि शेजाऱ्यालाही.

३. रांग, बैठक आणि तीन नमस्कार

‘सेइरेत्सु’ म्हणजे रांग करा. समोर तोंड करून उभं राहिल्यावर सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी उजव्या टोकाला असतो आणि नवखा डाव्या. आपल्याआधीपासून शिकणारा तो ‘सेनपाई’, नंतर आलेला तो ‘कोहाई’. इथे वय बघितलं जात नाही. चाळिशीत कराटे सुरू करणाऱ्या गृहस्थांना बारा वर्षांची मुलगी सेनपाई असू शकते, आणि ते त्यांनी मनापासून स्वीकारावं.

‘सेइझा’ म्हटल्यावर आधी डावा गुडघा टेकवायचा, मग उजवा. उठताना आधी उजवा पाय पुढे घ्यायचा. वज्रासनाची सवय असेल तर ही बैठक तुम्हाला नवीन नाही. फक्त पायांचे अंगठे एकमेकांना टेकलेले असतात आणि गुडघ्यांत मूठ-दोन मुठी अंतर राहतं. गुडघेदुखी असेल तर आधीच सांगून मांडी घालून बसा. कोणीही शहाणा शिक्षक त्याला नाही म्हणत नाही.

यानंतर ज्येष्ठ विद्यार्थी एकेक आज्ञा देतो.

‘मोकुसो’: डोळे मिटून शांत श्वास. ‘मोकुसो यामे’ म्हटल्यावर डोळे उघडायचे.

‘शोमेन नी रेई’: समोरच्या भिंतीकडे नमस्कार.

‘सेन्सेई नी रेई’: शिक्षकांना. या वेळी सगळे ‘ओनेगाईशिमास’ म्हणतात, म्हणजे आम्हाला शिकवा अशी विनंती.

‘ओतागाई नी रेई’: एकमेकांना.

बसून नमस्कार करताना आधी डावा हात जमिनीवर, मग उजवा, आणि कपाळ हातांच्या दिशेने. उठताना हात उलट क्रमाने मागे घ्या. इथे घाई करू नका. हे तीन नमस्कार उरकल्यासारखे झाले की पुढचा तासही उरकल्यासारखाच होतो.

४. जीभ वळवणं

या टप्प्यावर मराठी माणसाला मोठी सोय आहे. ‘त्सुकी’ (ठोसा) मधला ‘त्सु’ अनेकांना जमत नाही, पण तो आपल्या ‘चूल’मधल्या ‘चू’च्या अगदी जवळचा आहे. ‘झुकी’ (जोडशब्दात ‘त्सुकी’चं होणारं रूप) मधला ‘झु’ आपल्या ‘जुना’तल्या ‘जु’सारखा म्हणा. स्वर पाचच, स्वच्छ उच्चारायचे. ‘माए’ हा शब्द ‘मे’ असा दाबू नका, ‘मा-ए’ असा दोन अक्षरांत म्हणा. ‘कराटे’ हे इंग्रजीवरून आपल्याकडे आलेलं रूप आहे आणि मराठीत ते रुळलंही आहे. जपानी मात्र ‘कारातें’सारखा हेल न काढता ‘कराते’ म्हणतो, तिन्ही अक्षरांवर सारखा भार देऊन.

आकडे जोरात मोजायला लागा, लगेच बसतील: इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, कु, जू. वेगात मोजताना शेवटचा स्वर गळतो आणि ‘इच’, ‘रोक’, ‘हाच’ असं ऐकू येतं. चारचा ‘शी’ आणि मृत्यूसाठीचा शब्द यांचा उच्चार एकच असल्यामुळे जपानी लोक पुष्कळ ठिकाणी चारला ‘योन’ म्हणतात. म्हणूनच हेइआन मालिकेतल्या चौथ्या काताचं (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली) नाव ‘हेइआन योनदान’ आहे.

५. चालू वर्गातल्या आज्ञा

‘योई’ म्हणजे तयार. या क्षणानंतर नाक पुसणं, पट्टा ओढणं, केस सावरणं बंद. ‘कामाएते’ म्हटल्यावर पवित्रा घ्यायचा, ‘हाजिमे’वर सुरुवात, ‘मावात्ते’वर मागे वळायचं. ‘नाओरे’ म्हटल्यावर पुन्हा तयारीच्या स्थितीत यायचं. ‘यासुमे’ म्हटल्याशिवाय अंग सैल सोडायचं नाही. नवखे या शेवटच्या दोन आज्ञांत सर्वांत जास्त गोंधळतात.

आणि ‘यामे’, म्हणजे थांबा. एकच शब्द शिकायचा असेल तर हा शिका. जोडीने सराव चालू असताना ‘यामे’ ऐकल्यावर निघालेली मूठसुद्धा पुढे जाता कामा नये. पण थांबणं म्हणजे हात खाली टाकून पाठ फिरवणं नव्हे. पवित्रा कायम, नजर समोर, मग हळूच मागे सरायचं. या सावधपणाला ‘झानशिन’ म्हणतात. काता संपल्यावरही शेवटच्या हालचालीत क्षणभर स्थिर राहायचं ते याचसाठी. परीक्षेत किंवा स्पर्धेत काता सुंदर करून शेवटी घाईने मोडणारी मुलं बघितली की फार हळहळ वाटते.

६. तंत्रांची नावं: जोडशब्द फोडून शिका

इथे पाठांतराची गरज जवळजवळ नाही. उंचीचे तीन शब्द: जोदान (चेहरा), चुदान (पोट-छाती), गेदान (कमरेखाली). बाजूचे दोन: हिदारी (डावी), मिगी (उजवी). दिशेचे: माए (समोर), योको (बाजूला), उशिरो (मागे), मावाशी (गोलाकार). क्रियेचे: त्सुकी (ठोसा), केरी (लाथ), उके (अडवणं), उची (प्रहार), ताची (उभं राहण्याची ढब).

आता हे जोडा. ‘मिगी जोदान मावाशी-गेरी’ म्हणजे उजव्या पायाची, चेहऱ्याच्या उंचीची, गोलाकार लाथ. जोडताना ‘केरी’चं ‘गेरी’ होतं, ‘ताची’चं ‘दाची’, ‘त्सुकी’चं ‘झुकी’. वाक् आणि ईश मिळून वागीश, जगत् आणि ईश मिळून जगदीश, हे शाळेत शिकलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. तेव्हा झेनकुत्सु-दाची (पुढचा गुडघा वाकवून उभं राहणं), ओई-झुकी (पाऊल पुढे टाकून ठोसा), माए-गेरी (समोरची लाथ) ही नावं तुकड्या-तुकड्यांनी ऐका.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘सोतो-उके’ आणि ‘उची-उके’ या दोन अडवण्यांचे अर्थ शोतोकानमध्ये एक आणि इतर काही शैलींत नेमके उलटे आहेत. दुसऱ्या शैलीचा व्हिडिओ बघून घरी सराव केलात तर वर्गात हात भलत्याच दिशेने जाईल. (‘सोतो’ म्हणजे ‘बाहेर’ आणि इथला ‘उची’ म्हणजे ‘आत’. प्रहाराचा ‘उची’ हा वेगळा शब्द.)

७. जोडीदारासमोर

कुमितेआधी, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या लढतीच्या सरावाआधी, आणि नंतर वाकायचं. हा उपचार नाही. समोरचा आपलं शरीर आपल्या सरावासाठी देतो आहे, याची ती कबुली आहे. लागलं तर ताबडतोब थांबून विचारा. आपल्यापेक्षा लहान किंवा नवख्या माणसासमोर जोर कमी करणं ही आपली जबाबदारी. सेनपाईने चूक दाखवली तर तिथेच वाद घालू नका, ‘हाई’ म्हणा, करून बघा आणि शंका वर्गानंतर विचारा.

विश्व कराटे महासंघाच्या (WKF) नियमांनी होणाऱ्या स्पर्धेत एकाचा पट्टा लाल (‘आका’), दुसऱ्याचा निळा (‘आओ’) असतो. ठोशाला ‘युको’चा १ गुण, धडावरच्या लाथेला ‘वाझा-आरी’चे २, डोक्याच्या उंचीच्या लाथेला ‘इप्पोन’चे ३. प्रेक्षक म्हणून बसणाऱ्या आईवडिलांना एवढं पुरेसं आहे.

८. वर्ग संपताना

पुन्हा रांग, सेइझा, मोकुसो. काही दोजोंत इथे ‘दोजो कुन’ म्हणतात: चारित्र्य घडवण्यासाठी झटणं, सत्याची वाट धरणं, प्रयत्नांची वृत्ती जोपासणं, शिष्टाचाराचा मान राखणं आणि रक्ताच्या उसळीतल्या धाडसाला आवर घालणं. पाचही ओळींची सुरुवात ‘हितोत्सु’, म्हणजे ‘एक’, अशीच होते. कुठलीही ओळ दुसऱ्या क्रमांकाची नाही. ही पाचही वाक्यं मुलांना अर्थासकट मराठीत समजावून सांगावीत, असं मला कळकळीने वाटतं. नुसत्या घोकलेल्या जपानी ओळी मुलांच्या वागण्यात उतरत नाहीत. नमस्कार तेच तीन, फक्त या वेळी ‘आरिगातो गोझाइमाश्ता’ म्हणजे आभार. त्यानंतर जमीन पुसण्याची म्हणजे ‘सोजी’ची पद्धत असेल तर नव्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी फडकं उचलावं.

राहिला ‘ओस’. क्योकुशिन शैलीत आणि शोतोकानच्या पुष्कळ वर्गांत हो, समजलं, नमस्कार या सगळ्याला हा एकच शब्द चालतो. ओकिनावातल्या अनेक दोजोंत आणि वादो-र्‍यूमध्ये मात्र ‘हाई’ म्हणणं पसंत करतात. जपानमध्ये रोजच्या बोलण्यात ‘ओस’ हा मित्रमंडळीतला रांगडा शब्द आहे, तो अनोळखी वडीलधाऱ्या जपानी माणसाला म्हणू नये. ‘सेन्सेई’ ही दुसऱ्याने द्यायची उपाधी आहे. स्वतःची ओळख करून देताना ती स्वतःच्या नावाला लावत नाहीत. दुसऱ्या शहरातल्या किंवा शैलीच्या दोजोत पाहुणे म्हणून गेलात, तर आधी फोन करून परवानगी घ्या, तुमचा पट्टा कुठलाही असो रांगेत कुठे उभं राहायचं ते विचारा, आणि पहिल्या दिवशी तिथले लोक जे म्हणतील तेच म्हणा.