प्रार्थनाच सुचत नाही तेव्हा काय करायचं: बायबलमधलं स्तोत्र १३ आणि १३१ हाताशी धरून

माझे पप्पा लकव्याने पडले त्याला आता दोन वर्षं होतील. पहिले तीन-चार महिने मला प्रार्थना करताच येत नव्हती, म्हणजे गुडघ्यावर बसायचे, डोळे मिटायचे, "हे प्रभू" म्हणायचे आणि पुढे डोक्यात फिजिओथेरपीचे पैसे, रात्री २ चा अलार्म, भावाने फोन उचलला नाही त्याचा राग, बस एवढंच. लहानपणापासून संडे स्कूलला जाणारी मी, बायबलची वचनं (म्हणजे त्यातल्या ओळी) पाठ म्हणून बक्षिसं घेतलेली, आणि एक वाक्य पुरं होईना. त्या दिवसांत जे हळूहळू शिकले ते लिहितेय, ज्यांच्या घरात आत्ता असंच काही चालू आहे त्यांच्यासाठी.

आधी जेवा आणि झोपा. हे मुद्दाम पहिलं लिहिलंय कारण आपल्याकडे संकट आलं की माणूस लगेच उपास धरतो, रात्रभर जागून प्रार्थना करतो, आणि पाचव्या दिवशी आजाऱ्याच्या शेजारी हाच आडवा. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढून बघा. एलीया हा देवाचा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागवत नाही, उपदेशही करत नाही. झोपू देतो. मग दूत येऊन उठवतो तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, ते खाऊन हा परत झोपतो, दूत परत उठवतो आणि परत खा म्हणतो, कारण वाट लांबची आहे. होरेब डोंगरावरचं देवाचं ते हळू आवाजातलं बोलणं सगळं त्याच्यानंतर, ४० दिवसांच्या चालीनंतर. त्यामुळे दोन घास खाऊन झोपलात तर आपला विश्वास कमी पडला असं मनात आणू नका.

आता स्तोत्र १३. फक्त ६ वचनं आहेत, पाच मिनिटांत होतं. एक साधी वही घ्या, मोबाईलवर नको, कारण मोबाईल हातात आला की लगेच मेसेज दिसतात. पहिल्या दोन वचनांत "कुठवर" हा प्रश्न चार वेळा आलाय. देवा तू मला कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, मी मनात कुठवर झुरत बसू, वैरी माझ्यावर कुठवर चढून राहणार. तुम्हीपण वहीत "कुठवर" लिहून पुढे आपली चार वाक्यं लिहायची, आणि खरी लिहायची. माझं पहिलं वाक्य होतं, "देवा, मी एकटीनेच हे कुठवर करायचं, माझ्या भावालापण तूच जन्म दिलास ना." लिहिताना हात कापत होता, वाटत होतं देवाला असं विचारणं म्हणजे पाप. पण हे शब्द पवित्र शास्त्रातच आहेत, आपल्या तोंडी देण्यासाठीच आहेत, आणि वधस्तंभावर खुद्द प्रभू येशूने स्तोत्र २२ चं पहिलं वचन मोठ्याने म्हटलं, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास". त्याने विचारलं, तर आपण विचारायला कशाला लाजायचं?

वचन ३ आणि ४ म्हणजे मागणं. इथे नेमकं मागा. "सगळं ठीक कर प्रभू" असं नका लिहू, आज काय पाहिजे ते लिहा. उद्याच्या रिपोर्टचं, या महिन्याच्या भाड्याचं, आज रात्री ३ तास सलग झोप मिळावी याचं. स्तोत्र लिहिणारापण माझे डोळे उजळव असं अगदी अंगाला लागलेलं काहीतरी मागतो.

वचन ५ आणि ६ मध्ये एकदम सूर बदलतो, मी तुझ्या दयेवर भाव ठेवलाय, मी गाईन. मधे काय घडलं ते काहीच सांगितलेलं नाही. वैरी गेला असं नाही, आजार बरा झाला असं नाही. मी कितीतरी दिवस ही शेवटची दोन वचनं नुसती नकलून काढायचे, मनात काही नसायचं तरी. मनात येईपर्यंत थांबले असते तर अजून थांबलेलीच असते.

लीनतेबद्दल आता, कारण मला वाटतं इथेच आपली सगळ्यात मोठी गल्लत होते. आपण लीनता म्हणजे मान खाली घालून "माझं काय, मी पापी, चालतंय तसं चालू दे" असं म्हणणं समजतो. १ पेत्र, म्हणजे प्रेषित पेत्राचं पहिलं पत्र, त्याच्या ५ व्या अध्यायात ६ वं वचन म्हणतं देवाच्या हाताखाली लीन व्हा आणि ७ वं म्हणतं आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका. आपल्या बायबलमध्ये ती दोन वेगळी वचनं दिसतात पण मूळ ग्रीकमध्ये ते एकच वाक्य आहे, लीन व्हा, चिंता त्याच्यावर टाकून. म्हणजे ओझं खाली ठेवणं हीच लीनता. मी वर्षभर ओझं डोक्यावर घेऊन फिरत होते आणि त्यालाच सेवा म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात अभिमानच होता, की माझ्याशिवाय पप्पांचं कुणी करूच शकत नाही.

तर याचं करायचं काय? माणसांकडे मागायला शिकायचं. धरून नेण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू एकटा नाही गेला, पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना सोबत नेलं आणि त्यांना सांगितलं की माझा जीव फार कष्टी आहे, इथे थांबा, जागे राहा. ते झोपले ही गोष्ट वेगळी, पण त्याने मागितलं. मी एका रविवारी उपासना झाल्यावर दोन मावशींना सांगितलं की मला मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन तास पप्पांजवळ कुणीतरी बसलेलं पाहिजे. "प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढंच म्हणून थांबू नका हो, वार आणि वेळ सांगा, लोकांना मदत करायची असते पण काय करू ते कळत नसतं. आणि कुणी डबा आणला तर "कशाला त्रास घेतला" न म्हणता घ्या. मला हे प्रार्थनेपेक्षा अवघड गेलं.

रात्री झोपताना स्तोत्र १३१. ३ वचनं. माझं मन गर्विष्ठ नाही, मला न पेलणाऱ्या गोष्टींच्या मागे मी लागत नाही, दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव आहे. दूध तुटलेलं, हा शब्द मी कित्येक वर्षं वाचून पुढे जायचे. मग माझ्या धाकट्या मुलीचं दूध तोडलं तेव्हाची आठवण झाली. आईने सांगितलं म्हणून कडुलिंबाचा पाला वाटून लावला, चार रात्री पोरगी रडून रडून निळी झाली, तिला वाटत असणार आईच उलटली. पाचव्या-सहाव्या दिवशी येऊन मांडीवर बसली, पदर ओढला नाही, काही मागितलं नाही, नुसती डोकं टेकवून बसली. स्तोत्रातलं मूल हे आहे, ते रडून झालेलं आहे. त्यामुळे अजून रडायच्या रात्री चालू असतील तर हे स्तोत्र स्वतःवर लादू नका, १३ वरच राहा, १३१ ला यायला मला आठ महिने लागले.

काही गोष्टी मात्र करू नका. औषध बंद करून विश्वास दाखवायला जाऊ नका. "हे बरं झालं तर मी अमुक देईन" असा सौदा नको. कुणी येऊन तुझा विश्वास कमी पडतोय म्हणालं (मला म्हणालेत, प्रार्थनेला आलेल्याच माणसाने), तर बायबलमधलं ईयोब ४२:७ आठवा, ईयोब म्हणजे सगळं गमावलेला आणि देवाकडे तक्रार करणारा माणूस, तिथे देव ईयोबाच्या उपदेशक मित्रांवर संतापतो आणि म्हणतो की माझ्याविषयी ईयोब जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. तक्रार करणारा ईयोब! त्या मित्रांचं बरोबर काय होतं तर पहिले ७ दिवस ते गप्प जमिनीवर त्याच्याजवळ बसले. आणि एलीयासारखं जगणंच नको वाटायला लागलं तर लगेच घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे जा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे, फोन करा. देवाने एलीयाकडे दूत पाठवला होता, तुमच्यासाठी फोनवरचं माणूस का नसावं?

पंडिता रमाबाईंचं मी पुष्कळदा मनात आणते. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा, पदरात तान्ही मनोरमा. आणि आयुष्याच्या शेवटी, १९२१ मध्ये, ती मनोरमापण गेली, केडगावच्या मुक्ती मिशनचं, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमाचं काम जिच्या हाती सोपवायचं होतं तीच. रमाबाईंचं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर तेव्हा चालू होतं, ते त्यांनी सोडलं नाही, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. त्यांना दुःख झालं नसेल असं कुणी म्हटलं तर मला पटणार नाही. पण दुःखासकट समोरचं पान पुरं करता येतं एवढं मला त्यांच्याकडून मिळालं, म्हणून मी रोज एक काम ठरवून करते, पप्पांना सकाळी ऊन दाखवायचं, बास, बाकी राहिलं तर राहिलं.

शेवटी, स्तोत्र १३ च्या ५ व्या वचनाशी यायचंच होत नाही असे दिवस येतील. त्या दिवसांसाठी स्तोत्र ८८ आहे. त्यात शेवटपर्यंत सूर बदलत नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते देवाशीच बोलणं आहे आणि शास्त्रात जपून ठेवलंय. ते मोठ्याने वाचायचं, आमेन म्हणायचं, लाईट बंद करायची आणि झोपायचं.