या चुका टाळा: पिंप ओतलं, पण घासलं का?

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून ‘आमच्याकडे कसला दुष्काळ’ म्हणायची आपली सवय. मे महिन्यात वाड्यावाड्यांवर टँकर फिरतात तेव्हा हे लोक कुठे असतात कोण जाणे. पाऊस चारच महिन्यांचा, त्यातही आता थोड्या दिवसांत धो धो कोसळून कातळावरून थेट खाडीला. 2023 साली तर मान्सून केरळातच 8 जूनला पोहोचला. तोवर घरोघरी पिंपं भरलेली. आजार तिथे जन्मतो.

माझी सगळ्यात जुनी तक्रार: पिंप ओततात, घासत नाहीत. पेडण्याकडच्या एका घरात दोघांना डेंग्यू झाला. मी टॉर्च घेऊन गेलो तर वहिनी भडकल्या, ‘दर आयतारी ओतते हो!’ खरंच ओतत होत्या. आत बोट फिरवलं, तर पाण्याच्या रेषेवर बुळबुळीत थर आणि त्यात काळे बारीक ठिपके. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी घालते ती ओलसर कडेला चिकटवून. ती सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नळ आला, पाणी तिथवर चढलं, की आठ-दहा दिवसांत डास तयार. ऊन तापलं तर आणखी लवकर. मी शनिवारी उरलेलं पाणी माडाच्या आळ्यात ओततो, पिंप काथ्याने खरवडून घासतो, उन्हात पालथं घालतो. भरल्यावर तोंडाला जुनी साडी दोरीने घट्ट बांधतो. नुसती फळी ठेवणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.

धुराच्या गाडीसाठी फोन करणाऱ्यांनो, धुराने उडते डास मरतात, पिंपातली अळी नाही.

दुसरी चूक, विहिरीत मूठभर ब्लीचिंग पावडर. विहीर आटली की शेजारच्या शोषखड्ड्यातून झिरपणारी घाण उरल्यासुरल्या पाण्यात मिसळते. मूठ कसली टाकता, मोजा. विहिरीचा व्यास 2 मीटर आणि पाणी 1 मीटर, म्हणजे सुमारे 3140 लिटर. 1000 लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणून 8 ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसला की वरचं पाणी तेवढं विहिरीत सोडा आणि अर्धा तास थांबा. दहाव्या मिनिटाला कळशी घेऊन येणारे मला दरवर्षी भेटतात. वर्षभर उघडी पडलेली पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

पाणी वाचवायचं म्हणून पिणं कमी करू नका. लघवीची जळजळ, मूतखडा पाठी लागतो. त्यापेक्षा गाडी धुणं बंद करा.

काजूच्या बागेत, विशेषतः सत्तरी तालुक्यात, पाय झाकून जा. माकडताप कोरड्या दिवसांतच वर येतो आणि तो पसरवणारी गोचीड पाचोळ्यात असते.

आणि जुलाब लागले तर साखर-मिठाचं पाणी अंदाजाने करू नका. 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, 6 सपाट लहान चमचे साखर, तसाच अर्धा लहान चमचा मीठ. आधी स्वतः चाखा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, पुन्हा करा.