मॅक्रोमध्ये डेटाची शेवटची ओळ कशी शोधावी

एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायला बसलं की एक प्रश्न लगेच समोर येतो: डेटा नेमका संपतो कुठे? नवी नोंद कुठे टाकायची, लूप कुठवर फिरवायचा, प्रिंट एरिया कुठपर्यंत धरायचा, सगळं त्यावर अवलंबून. उत्तरं ढिगाने मिळतात. त्यातली बरीचशी दहा ओळींच्या नमुना फाइलवर छान चालतात आणि चार जणांनी हाताळलेल्या खऱ्या फाइलवर मान टाकतात.

डेव्हलपर टॅब चालू करणं, फाइल मॅक्रोसह सेव्ह करणं, मॉड्यूल घालणं हे येतं असं धरून चालतो. खालचा कोड वाचायला सोपा जावा म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. एडिटरमध्ये तो, आकड्यांसकट, इंग्रजी अक्षरांतच टाइप करा. त्यात डब्ल्यूएस म्हणजे तुमची शीट ज्यात ठेवली आहे तो व्हेरिएबल.

१. कोणत्या कॉलमचा शेवट हवा ते ठरवा

‘शीटचा शेवट’ असं काही एकच नसतं. कॉलम बी ३१२ व्या ओळीवर संपतो, शेरा लिहायचा कॉलम २९० वर, आणि कुणीतरी कॉलम के मध्ये ७०० व्या ओळीवर स्वतःसाठी बेरीज करून ठेवलेली असते. तेव्हा प्रत्येक नोंदीत जो कॉलम भरलेलाच असतो तो निवडा: बिल नंबर, तारीख, कोड असं काहीतरी. ‘ए’ पहिला आहे म्हणून ‘ए’ घेऊ नका. असा एकही कॉलम नसेल तर सरळ चौथ्या टप्प्यावर जा.

२. खालून वर या

एन = डब्ल्यूएस.सेल्स(डब्ल्यूएस.रोज.काउंट, "बी").एंड(एक्सएलअप).रो

कॉलमच्या तळाशी जाऊन कंट्रोल आणि वरचा बाण दाबल्यावर कर्सर जिथे थांबतो, तीच ओळ इथे मिळते. रोजच्या बहुतेक कामाला एवढं पुरतं.

वरून खाली जायचा, म्हणजे एक्सएलडाउनचा, सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मधे एक सेल रिकामा असला की तो तिथेच थांबतो आणि पुढच्या सगळ्या नोंदी मॅक्रोच्या दृष्टीने नसतातच. उलट फक्त शीर्षकाची ओळ असेल तर तो थेट शीटच्या तळाला, १०,४८,५७६ व्या ओळीवर जाऊन बसतो. तिथून एक पायरी खाली उतरायला सांगितलं की मॅक्रो एररमध्ये. काउंटए वापरून भरलेले सेल मोजायचे हा दुसरा लाडका सल्ला. मधे तीन सेल रिकामे असतील तर उत्तर तीनने कमी येतं आणि नवी नोंद जुन्या नोंदीवर बसते. एरर येत नाही, डेटा मात्र गेलेला असतो. माझ्या मते ही पद्धत सगळ्यात घातक.

वरच्या कोडमध्ये डब्ल्यूएस दोनदा आला आहे तो हौस म्हणून नव्हे. नुसतं रोज.काउंट लिहिलं तर एक्सेल त्या क्षणी समोर असलेल्या शीटच्या ओळी मोजतं. एक्सेल २००७ पासून शीटला १०,४८,५७६ ओळी आहेत. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६. समोर नवी फाइल उघडी आणि काम जुन्या फाइलवर, असं झालं की १००४ नंबरची एरर ठरलेली. आणि ६५५३६ हा आकडा हाताने लिहिलेला कोड अजूनही सगळीकडे फिरतो आहे. दिसला की बदला.

एन हा लाँग, म्हणजे मोठ्या पूर्णांकाचा व्हेरिएबल, म्हणूनच जाहीर करा. इंटिजर ३२,७६७ च्या पुढे जात नाही, त्यानंतर ओव्हरफ्लो. गंमत म्हणजे मॅक्रो वर्षभर बिनतक्रार चालतो आणि डेटा तेवढा वाढला की अचानक बंद पडतो. मग लोक नव्या डेटात खोट शोधत बसतात.

३. रिकामे दिसणारे पण रिकामे नसलेले सेल

खरी मेख इथे आहे. मीही याच टप्प्यावर बराच काळ अडकलो होतो, कारण कोड बरोबर, शीट डोळ्यांना बरोबर, आणि उत्तर मात्र चूक.

नेहमी दिसणारा प्रकार घ्या. कॉलम डी मध्ये रकमेचा फॉर्म्युला आहे: बी रिकामा असेल तर काही दाखवू नको, नाहीतर गुणाकार कर. लिहिणाऱ्याने पुढची सोय म्हणून तो ५,००० व्या ओळीपर्यंत खाली ओढून ठेवला. नोंदी आहेत ३१२ व्या ओळीपर्यंत. डी वरून शेवट काढला तर उत्तर येतं ५,०००, आणि नवी नोंद जाऊन पडते ५,००१ वर. वापरणारा ३१३ व्या ओळीकडे बघतो, तिथे काही नाही. तो पुन्हा बटण दाबतो. मग पुन्हा. संध्याकाळी कुणीतरी खाली स्क्रोल करतं तेव्हा एकच नोंद सात वेळा सापडते.

एंड(एक्सएलअप) सेलमध्ये काय दिसतं ते बघतच नाही. सेलमध्ये काहीतरी आहे एवढंच त्याला कळतं, आणि फॉर्म्युला म्हणजे काहीतरीच.

हा प्रकार निदान पकडता येतो, कारण सेलवर गेलं की फॉर्म्युला बारमध्ये फॉर्म्युला दिसतो. याहून वाईट भाऊबंद म्हणजे ‘फक्त व्हॅल्यू पेस्ट करा’ केल्यावर उरलेले सेल. असे फॉर्म्युले कॉपी करून व्हॅल्यू म्हणून पेस्ट केले की मागे शून्य लांबीचा मजकूर राहतो. सेलवर जा: फॉर्म्युला बार कोरा. अक्षरं मोजणारं लेन लावून बघा: ०. पण सेल रिकामा आहे का ते सांगणारं इझब्लँक लावलं तर उत्तर फॉल्स. म्हणजे सेल भरलेला आहे, फक्त शून्य अक्षरांनी. एंड(एक्सएलअप) इथेही थांबतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या डेटात हे सर्रास असतं, जोडीला नुसती स्पेस असलेले सेलही.

म्हणून शेवट मोजताना शंका आली की पहिली तपासणी लेन आणि इझब्लँक यांची, कोडची नव्हे. लेन शून्य आणि इझब्लँक फॉल्स अशी जोडी दिसली की रोग कळला.

यावर इलाज दोन. फॉर्म्युला नसलेला, माणसाने हाताने भरायचा कॉलम निवडणं हा पहिला आणि चांगला. वरच्या उदाहरणात डी ऐवजी बी. तो शक्य नसेल तर खालून वर येताना प्रत्येक सेल उघडून बघायचा:

एन = डब्ल्यूएस.सेल्स(डब्ल्यूएस.रोज.काउंट, "डी").एंड(एक्सएलअप).रो
डू व्हाइल एन > १
व्ही = डब्ल्यूएस.सेल्स(एन, "डी").व्हॅल्यू
इफ इझएरर(व्ही) देन एक्झिट डू
इफ लेन(ट्रिम(रिप्लेस(व्ही, सीएचआरडब्ल्यू(१६०), ""))) > ० देन एक्झिट डू
एन = एन - १
लूप

यातले दोन इफ एकत्र करून ‘सुटसुटीत’ करायचा मोह होईल. करू नका. व्हीबीए मध्ये, म्हणजे एक्सेलच्या मॅक्रोच्या भाषेत, ऑर किंवा अँड लावलं की दोन्ही बाजू तपासल्या जातातच. पहिल्यावर निकाल लागला म्हणून दुसरी सोडून दिली असं होत नाही. एकाच ओळीत लिहिलं तर सेलमध्ये एन/ए ची एरर असताना लेनचा भाग चालेलच आणि टाइप मिसमॅचची, म्हणजे १३ नंबरची, एरर येईल. म्हणून आधी इझएरर, वेगळ्या ओळीत.

आणि तो १६०? वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस येते. दिसते साध्या स्पेससारखीच, पण कडेच्या स्पेस काढणारं ट्रिम तिला हात लावत नाही. तिला आधी रिप्लेसने उडवावं लागतं.

कॉलमला ‘व्हॅल्यू = व्हॅल्यू’ करून शून्य लांबीचे सेल खरोखर रिकामे करण्याचीही एक युक्ती आहे. चालते, पण जपून. कॉलममधले सगळे फॉर्म्युले त्यात जातात, आणि मजकूर म्हणून ठेवलेला ००१२३ सारखा कोड जनरल फॉरमॅटमध्ये १२३ होऊन बसतो. दुसऱ्याच्या फाइलवर मी हे कधीच करत नाही.

४. संपूर्ण शीटचा शेवट हवा असेल तर

सेट सी = डब्ल्यूएस.सेल्स.फाइंड(व्हॉट:="*", आफ्टर:=डब्ल्यूएस.रेंज("ए१"), लुकइन:=एक्सएलफॉर्म्युलाज, लुकॲट:=एक्सएलपार्ट, सर्चऑर्डर:=एक्सएलबायरोज, सर्चडायरेक्शन:=एक्सएलप्रीव्हियस)

ए१ पासून उलट दिशेने शोधायला सांगितलं की शोध वळसा घालून शीटच्या तळापासून सुरू होतो आणि पहिला भरलेला सेल हाती देतो. शेवटचा कॉलम हवा असेल तर एक्सएलबायरोजच्या जागी एक्सएलबायकॉलम्स.

सगळे पर्याय लिहायचा कंटाळा करू नका. फाइंड आपल्या सेटिंग लक्षात ठेवतं, अगदी कंट्रोल-एफच्या खिडकीत वापरणाऱ्याने केलेल्याही. त्याने सकाळी ‘व्हॅल्यूमध्ये शोधा’ निवडलं असेल आणि तुम्ही लुकइन लिहिलेलं नसेल, तर तुमचा मॅक्रो दुपारी वेगळं उत्तर देईल. त्याच्या कॉम्प्युटरवर चुकतं, माझ्याकडे बरोबर चालतं, या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा हेच.

इथेही फॉर्म्युले सापडतातच. ते नको असतील तर लुकइन:=एक्सएलव्हॅल्यूज ठेवा; मग काहीच न दाखवणारे फॉर्म्युले गाळले जातात, पण लपवलेल्या ओळीही त्याबरोबर गाळल्या जातात.

शीट पूर्ण कोरी असेल तर सी मध्ये नथिंग येतं. इफ सी इज नथिंग ही तपासणी न करता सी.रो विचारलं की ९१ नंबरची एरर.

युज्डरेंज (शीटचा ‘वापरलेला’ भाग) आणि कंट्रोल-एंडवाला लास्टसेल यांच्या नादी लागू नका. कुणी हजाराव्या ओळीला नुसता पिवळा रंग दिला तरी ती ‘वापरलेली’ ठरते, आणि डेटा पुसला तरी लास्टसेल फाइल सेव्ह होईपर्यंत जुन्याच जागी राहू शकतो. शिवाय युज्डरेंज पहिल्या ओळीपासून सुरू होईलच असं नाही. डेटा पाचव्या ओळीपासून असेल तर युज्डरेंज.रोज.काउंट म्हणजे ओळींची संख्या, शेवटच्या ओळीचा नंबर नव्हे. दोन्हींत चारचा फरक पडतो. हे न सांगता तो कोड सर्रास दिला जातो.

५. फिल्टर काढा

फिल्टर लागलेला असला की एंड(एक्सएलअप) दिसणाऱ्या शेवटच्या ओळीवर थांबतं, लपलेल्या ओळी त्याच्या गावीही नसतात. मग नवी नोंद लपलेल्या ओळींवर लिहिली जाते. मोजण्याआधी:

इफ डब्ल्यूएस.फिल्टरमोड देन डब्ल्यूएस.शोऑलडेटा

आधीची इफ गाळली आणि फिल्टर लागलेलाच नसला तर शोऑलडेटा स्वतःच एरर देतं.

उभे मर्ज केलेले सेलही असाच दगा देतात: १० ते १२ ओळी मर्ज असतील तर उत्तर १० येतं. डेटाच्या शीटमध्ये मर्ज नकोच.

६. टेबल असेल तर शोधूच नका

डेटा कंट्रोल-टी ने टेबल केलेला असेल तर डब्ल्यूएस.लिस्टऑब्जेक्ट्स(१).लिस्टरोज.काउंट विचारा, नवी नोंद लिस्टरोज.ॲडने घाला. नवी फाइल स्वतः बनवत असाल तर टेबलच करा. वरची बहुतेक डोकेदुखी टळते. टेबल रिकामं असताना डेटाबॉडीरेंज नथिंग असतो, एवढं ध्यानात ठेवा.

एक्सेल सोडून

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये शीटवर क्रिएटकर्सर करून गोटूएंडऑफयुज्डएरिया चालवा आणि रेंजॲड्रेस.एंडरो वाचा. तिथली मोजणी शून्यापासून आहे, म्हणजे शीटवरची ३१२ वी ओळ ३११ येईल.

गुगल शीट्समध्ये गेटलास्टरो. गेटमॅक्सरोज नव्हे, ते रिकाम्या धरून सगळ्या ओळी मोजतं. गेटलास्टरो अख्ख्या शीटचा विचार करतं, त्यामुळे एखाद्या कॉलममध्ये खालपर्यंत चेकबॉक्स लावून ठेवले असतील तर तेही डेटा धरले जातात, टिक नसली तरी. अशा शीटवर ठरलेल्या कॉलमच्या व्हॅल्यू वाचून खालून वर येणारा साधा लूपच लिहावा लागतो, तिसऱ्या टप्प्यासारखा.

चालवण्याआधी

एडिटरमध्ये कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो उघडा, प्रश्नचिन्ह टाकून तुमची मोजणी तिथे चालवा आणि आकडा शीटशी ताडून पाहा. हे चार अवस्थांत करा: शीट पूर्ण कोरी, फक्त शीर्षक, मधे रिकाम्या ओळी, आणि फिल्टर लागलेला. पहिल्या दोन्हींत एंड(एक्सएलअप) १ च देतं. म्हणून एन १ आला की बी१ खरंच भरलेला आहे का ते इझएम्प्टीने विचारा. कोऱ्या शीटवर नोंद पहिल्या ओळीत जायची की आधी शीर्षकं लिहायची, हे तुमच्या कोडने ठरवायचं आहे.