मोठी मोटारसायकल पारखताना: एकच रस्ता, दोन गाड्या

साडेसहाशे सीसी किंवा त्याहून मोठी मोटारसायकल घ्यायची ठरवून आपण शोरूममध्ये जातो, तेव्हा मिळणारी टेस्ट राइड बहुधा पंधरा-वीस मिनिटांची असते. तेवढ्या वेळात इंजिनाची पूर्ण ताकद अजमावता येत नाही, आणि ती अजमावण्याजोगा मोकळा रस्ता गोव्यात नाहीही. मात्र गर्दीत, उन्हात, खड्ड्यांतून आणि पाव थ्रॉटलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर थोडाच पिळून, गाडी कशी वागते, हे त्या वेळात नीट कळू शकते. आणि विकत घेतलेली गाडी पुढे वर्षानुवर्षे बहुतेक वेळ याच अवस्थेत चालणार असते. म्हणून टेस्ट राइड या गोष्टींसाठीच आखावी, आणि दोन गाड्यांतून निवड करायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवाव्यात.

पणजीच्या आसपास राहणाऱ्यांना या कामासाठी एक फेरी फार सोयीची आहे. पाटोवरून निघून कॉजवेने रायबंदर गाठावे, गावातून पुढे जुने गोवे आणि तिथून कदंब पठारावरच्या बगलरस्त्याने मेरशीमार्गे परत यावे. सगळे मिळून सुमारे २० किलोमीटर होतात. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेला हा कॉजवे सरळ पण अरुंद आहे, रायबंदरात रस्ता जुन्या घरांना खेटून वळत जातो, आणि कदंब पठारावर चौपदरी रस्ता, चढ व मोकळी हवा मिळते. इतके वेगवेगळे रस्ते इतक्या कमी अंतरात दुसरीकडे सहसा सापडत नाहीत. पर्वरी किंवा म्हापशाहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की २०१९ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही. मांडवी जुन्या पुलांवरूनच ओलांडावी लागते. मडगावकरांना बाजारातला रस्ता आणि वेर्णा पठार यांची सांगड घालून अशीच फेरी आखता येईल. शोरूमचा माणूस ठरावीक रस्ताच दाखवू शकतो, आणि या फेरीला पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वेळ लागतो, म्हणून ती त्याला आधीच फोनवर सांगून मान्य करून घ्यावी.

तुलनेत सर्वांत मोठी फसगत क्रमामुळे होते. अवजड गाडीवरून उतरून जी गाडी चालवावी ती हलकी भासते, आणि चार सिलिंडरच्या गुळगुळीत इंजिनानंतर कोणतेही दोन सिलिंडरचे इंजिन खडबडीत वाटते. दुसरी गाडी आपल्याला स्वतःच्या गुणांमुळे आवडली की पहिलीच्या दोषांमुळे, हे एका फेरीत उमगत नाही. यावर उपाय असा, की त्या दिवशी सकाळी आपली रोजची गाडी घेऊन तीच फेरी मारावी, मग पहिली गाडी, मग दुसरी, आणि शेवटी पुन्हा पहिली चालवावी. ही शेवटची फेरी पाच मिनिटांची मिळाली तरी चालेल, पण ती सोडू नये. पहिल्या वेळी बोचलेल्या काही गोष्टी तेव्हा अजिबात जाणवत नाहीत, आणि ज्या दोन्ही वेळा बोचतात त्याच खऱ्या. दोन शोरूम वेगवेगळ्या गावांत असतील, तर दोन्हींची वेळ एकाच दिवशी लागून मागावी.

गिअरच्या मोटारसायकलचा परवाना जवळ असावा, आणि हेल्मेट, हातमोजे व घोटा झाकणारे बूट स्वतःचे वापरावेत. सही करण्यापूर्वी हमीपत्र वाचावे. गाडी पडल्यास खर्च कोणाचा आणि विम्यातून किती भरून निघतो, हे त्यात स्पष्ट हवे.

गाडी सुरू करण्याआधी दोन गोष्टींचा आग्रह धरावा. टायर थंड असतानाच हवा मोजून घ्यावी, कारण चालवल्यावर टायर तापून दाब वाढतो. अनेक मोठ्या रोड बाइकना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय हवा सांगितलेली असते, आणि ती कमी असलेली गाडी वळणात सुस्त वाटते. तो दोष आपण विनाकारण गाडीच्या माथी मारतो. दुसरी गोष्ट मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे त्याची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते. एक गाडी आधीच्या ग्राहकाच्या मागे बसणाऱ्यासाठी घट्ट केलेली आणि दुसरी सैल, अशी असेल तर त्यांची तुलना निरर्थक ठरते. आपल्या वजनाला जुळेल असा प्रीलोड लावून द्या, असे सांगितले की जाणता मेकॅनिक ते काही मिनिटांत करतो.

मग गाडी उभी असतानाच तिच्यावर बसावे. माहितीपत्रकातली सीटची उंची एकटी फारसे काही सांगत नाही. रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० आणि सुझुकी हायाबुसा या दोघींची सीट साधारण ८०० मिलिमीटरवर आहे, पण इंटरसेप्टरचे वजन सुमारे २१८ किलो, तर हायाबुसाचे सुमारे २६५. उलट सुपर मिटिऑर ६५० ची सीट ७४० मिलिमीटर इतकी खाली असली, तरी ती २४१ किलोंची आहे. सीटची रुंदी, वजन किती उंचावर आहे आणि हँडल किती वळते, यांवर गाडी सांभाळणे अवलंबून असते. म्हणून इंजिन बंद ठेवून गाडी पायांनी मागे ढकलून पाहावी, साइडस्टँडवरून उभी करावी, किंचित उतारावर मागे घ्यावी. ज्यांना रोज चोडण किंवा दिवाडीला जावे लागते, त्यांनी तर फेरीबोटीचा लोखंडी, ओला उतार डोळ्यांसमोर ठेवूनच हे करावे; तिथे पाय पूर्ण टेकत नसलेली अडीचशे किलोंची गाडी पुढच्या स्कूटरमागे थांबवणे ही रोजची परीक्षा असते.

शोरूमच्या आवारातच दोन-तीन वेळा दोन्ही बाजूंना यू-टर्न घ्यावा. क्लच अर्धवट सोडून, मागचा ब्रेक हलका दाबून आणि नजर वळणाच्या टोकाला ठेवून गाडी अगदी हळू वळवता येते का, क्लचची पकड नेमकी कुठे सुरू होते हे बोटांना कळते का, आणि थ्रॉटल किंचित उघडताच गाडी हिसका देते का, हे पाहावे. माझ्या मते मोठ्या गाडीची सर्वांत महत्त्वाची कसोटी हीच आहे.

रायबंदरच्या रस्त्यावर इंजिनाचा स्वभाव कळतो. कावासाकी झेड९०० चे ९४८ सीसीचे चार सिलिंडर सुमारे १२५ पीएस, म्हणजे अश्वशक्ती, देतात, पण त्यांचा जास्तीत जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर), साधारण ९८ न्यूटन मीटर, ७,७०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तितक्या फेऱ्या झाल्यावर, येतो. बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसची अश्वशक्ती कागदावर त्याहून थोडीच जास्त, १४५ आहे. मात्र तिचा १४९ न्यूटन मीटरचा टॉर्क ६,५०० आरपीएमलाच मिळतो. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि इंजिनाच्या फेऱ्या यांचा गुणाकार, त्यामुळे तिचा मोठा आकडा इंजिन खूप फिरवल्यावरच हाती येतो, आणि गावातल्या रस्त्यावर तितके कोणी फिरवत नाही. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालत असताना, गिअर न बदलता, थ्रॉटल थोडा उघडावा आणि गाडी कुरकुर न करता पुढे सरकते का ते ऐकावे. हीच कृती त्याच वळणापाशी, तशाच वेगाने दुसऱ्या गाडीवर करावी. इंजिनाचा प्रतिसाद बदलणारा रायडिंग मोड दोन्हींवर सारखाच, शक्यतो रोड, ठेवावा. एकीवर स्पोर्ट आणि दुसरीवर रेन असेल तर आपण सॉफ्टवेअरची तुलना करत बसतो.

उष्णतेची परीक्षा गोव्यात टाळून चालणार नाही. सकाळी सातच्या गारव्यात प्रत्येक इंजिन सभ्य वाटते. आडवे बसवलेले चार सिलिंडरचे इंजिन मांड्यांवर गरम हवा सोडते, तर बॉक्सर इंजिनाचे सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर असल्यामुळे त्याची झळ पायांच्या नडग्यांपाशी जाणवते. एप्रिल-मेच्या दुपारी, किंवा निदान संध्याकाळी मांडवीच्या जुन्या पुलावर गाड्या तुंबतात त्या वेळेला, दहा मिनिटे थांबत-सरकत चालवावे, पंखा कधी सुरू होतो आणि गरम हवा कुठे लागते ते पाहावे. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून हा त्रास कोरड्या प्रदेशापेक्षा इथे अधिक होतो.

कदंब पठारावर, मागे कोणी नाही याची आरशात खात्री करून, साठच्या वेगावरून सरळ रेषेत गाडी थांबवून पाहावी. लिव्हर जितका दाबावा तितकाच ब्रेक वाढत जावा. सुरुवातीला काहीच नाही आणि मग एकदम पकड, असे होऊ नये. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर साठवरून ब्रेक लावल्यापासून सुमारे १८ मीटर लागत असतील, तर शंभरवरून जवळजवळ ५० लागतात. ताकदवान गाडीवर शंभर केव्हा झाले हे कळतही नाही, म्हणून हे गणित मनात पक्के हवे. पठाराच्या लांब वळणांवर आणखी एक गोष्ट तपासावी: उजवीकडे वळण्यासाठी उजवे हँडल किंचित पुढे ढकलावे लागते, त्याला किती जोर लागतो, आणि वळणात खडबडीत भाग आला तर गाडी आपली रेषा सोडते का. वेग सर्व वेळ मर्यादेतच असावा. या कसोट्यांना त्याहून जास्त वेग लागत नाही.

मागे बसणारी व्यक्ती नेहमीची असेल तर परवानगी घेऊन तिला एका फेरीत बरोबर न्यावे, आणि तिचे मत आपल्या मताइतकेच मोजावे. प्रत्येक फेरीनंतर, विक्रेत्याशी बोलण्याआधी, मनगट, पाठ, गुडघे, उष्णता, ब्रेक आणि हळू वेगातला थ्रॉटल यांबद्दल एकेक ओळ वहीत लिहून ठेवावी. दुसरी गाडी चालवल्यावर पहिलीची आठवण बदलते.

यानंतरही मन ठरत नसेल, तर तेच किंवा जवळचे मॉडेल दिवसभर भाड्याने घेणे हा उत्तम मार्ग आहे. गोव्यात कायदेशीर भाड्याच्या दुचाकीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेऊ नये. साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट चढून परत यावे. तीन-चार तासांनी सीट खरोखर कशी आहे ते कळते, आणि उतारावरच्या वळणांत इंजिन ब्रेकिंग, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनामुळेच गाडी मंदावणे, किती साथ देते तेही. पावसाळ्यात घाटात धुके उतरते आणि रस्त्यावर तांबडी माती वाहून येते, त्यामुळे अनोळखी अवजड गाडीसाठी तो काळ टाळावा.

किमतीकडे वळताना ऑन-रोड आकडाच लेखी मागावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे त्याआधीच्या किमतींचे जुने लेख उपयोगाचे नाहीत. सर्वांत जवळचे सर्व्हिस सेंटर गोव्यात आहे की गाडी राज्याबाहेर न्यावी लागेल, ब्रेक पॅड आणि चेन-स्प्रॉकेट तिथे साठ्यात असतात का, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंजलेल्या भागांना वॉरंटी लागू होते का, हे तीन प्रश्न विक्री विभागाला न विचारता थेट वर्कशॉपच्या प्रमुखाला विचारावेत, आणि उत्तरे ऐकल्यावरच बुकिंगची रक्कम भरावी.