ब्रॅम्प्टनहून सरेला जाताना: लायसन्स, गाडी आणि इन्शुरन्सची सवलत

दरवर्षी जून उजाडला की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. कुणाला तरी व्हँकुव्हरकडे, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया (बी.सी.) प्रांतात, नोकरी लागलेली असते, मुलांची शाळा संपत आलेली असते, ऑन्टारिओतल्या ब्रॅम्प्टनचं भाड्याचं घर सोडायची नोटीसही देऊन झालेली असते. प्रश्न असतात सामानाच्या ट्रकचे, शाळांचे, सरेत राहावं की लँग्लीत याचे. लायसन्सचा विषय मीच काढते आणि पलीकडून उत्तर येतं, "ते काय, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ." खरंय, लायसन्स तिकडे गेल्यावरच बदलायचं असतं. पण त्यासाठीचे कागद ऑन्टारिओत असतानाच काढायचे असतात, आणि नेमकं तेच राहून जातं. २०२१ मध्ये आम्ही ब्रॅम्प्टनहून सरेला आलो तेव्हा आमचंही राहिलं होतं.

आपल्या डोक्यात हिशेब बसलेला असतो तो भारतातला. कोल्हापूरच्या आरटीओचं लायसन्स घेऊन बंगळुरात दहा वर्षं गाडी चालवा, कुणी हरकत घेत नाही. कटकट असते ती गाडीची: एनओसी आणा, रोड टॅक्स पुन्हा भरा, नंबर बदला. नो क्लेम बोनसही गाडीमालकाच्या नावावर चढत जातो, ५० टक्क्यांपर्यंत, आणि कंपनी बदलली तरी सोबत येतो. कॅनडात लायसन्सच प्रांताचं असतं. ऑन्टारिओत राहायला आल्यापासून ६० दिवसांत, बी.सी., अल्बर्टा आणि सस्कॅचेवानमध्ये ९० दिवसांत, मॅनिटोबात तीन महिन्यांत तिथलं लायसन्स घ्यावं लागतं आणि जुनं कार्ड काउंटरवर देऊन टाकावं लागतं. दोन प्रांतांची दोन लायसन्सं खिशात ठेवायची सोय नाही. बी.सी.त पूर्णवेळ शिकायला आलेल्यांना मात्र शिक्षण चालू असेपर्यंत आपल्या प्रांताच्या लायसन्सवर गाडी चालवता येते, त्यामुळे मुलगा-मुलगी इथल्या युनिव्हर्सिटीत असेल तर घाई करू नका.

इन्शुरन्सची गोष्ट आणखी वेगळी. ऑन्टारिओत तो खासगी कंपन्यांचा बाजार आहे, आणि पोस्टल कोड ब्रॅम्प्टनचा असला की हप्ता किती वर जातो ते मी तुम्हाला सांगायला नको. बी.सी.त लायसन्स, नंबर प्लेट आणि बेसिक इन्शुरन्स हे तिन्ही एकाच सरकारी कंपनीकडे, म्हणजे आयसीबीसीकडे. बेसिकच्या वरचं कव्हर हवं तर खासगी कंपनीकडून घेता येतं, बेसिक नाही. म्हणजे तुमची वर्षानुवर्षं साठलेली सवलत ऑन्टारिओतल्या खासगी कंपनीच्या दफ्तरातून आयसीबीसीच्या दफ्तरात जायची असते आणि ती दोन दफ्तरं एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप तुम्हीच न्यायचा, कागदावर.

कागद दोन. पहिला तुमचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड, ज्याला बरेच जण अॅबस्ट्रॅक्ट म्हणतात. ऑन्टारिओत तो सरकारकडून ऑनलाइन मागवता येतो. लोक तीन वर्षांचा, सगळ्यात स्वस्त, तो काढून मोकळे होतात. तुम्हाला सिद्ध काय करायचंय याचा आधी विचार करा. गेल्या तीन वर्षांत स्पीडिंगचं तिकीट नव्हतं एवढंच दाखवायचंय की गेली बारा वर्षं तुम्ही गाडी चालवताय हे? बारा वर्षं दाखवायची असतील तर जास्त काळाचा रेकॉर्ड घ्या.

दुसरा कागद इन्शुरन्स कंपनीचं पत्र. कुणी त्याला क्लेम्स लेटर म्हणतं, कुणी एक्सपीरियन्स लेटर. कंपनीच्या लेटरहेडवर, पॉलिसी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती, त्यावर कोण कोण ड्रायव्हर होते, किती क्लेम झाले आणि त्यात चूक कुणाची होती, हे सगळं लिहिलेलं हवं. एकही क्लेम नसेल तर 'एकही नाही' हेसुद्धा शब्दांत हवं, कोरी जागा चालत नाही. आणि मध्ये कंपनी बदलली असेल तर प्रत्येक जुन्या कंपनीचं वेगळं पत्र. सध्याची कंपनी स्वतःच्या काळापुरतंच बोलते.

आमचं कुठे अडलं ते सांगते. पॉलिसी नवऱ्याच्या नावावर, मी दुसरी ड्रायव्हर. कंपनीनं निघायच्या आठवड्यात ईमेलवर पत्र पाठवलं, आम्ही छापलं, फाइलमध्ये लावलं आणि खूश झालो. सरेत ब्रोकरनं ते वाचलं आणि विचारलं, "यात तुमचं नाव कुठे आहे?" पत्रात फक्त पॉलिसीधारकाचं नाव होतं. गाडी मी चालवत होते, रोज, हायवे ४१० वरून, बर्फातसुद्धा. कागदावर मी कुणीच नव्हते. मग टोरोंटोला फोन. तिकडचं ऑफिस पाचला बंद होतं तेव्हा इथे दुपारचे दोन वाजलेले असतात, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून मी होल्डवरचं संगीत ऐकत असे. दुरुस्त पत्र २६ व्या दिवशी हातात आलं. गाडीचा इन्शुरन्स बदलायला ३० दिवस असतात हे लक्षात घ्या, म्हणजे आमची धाकधूक कळेल. तेव्हा बायकांना माझं मुद्दाम सांगणं आहे: पत्रात तुमचं नाव, तुमचा लायसन्स नंबर आणि तुमच्या तारखा आहेत का ते स्वतः वाचा. नवऱ्यानं "आलंय पत्र" म्हटलं म्हणजे काम झालं असं समजू नका.

नावावरून आठवलं. आपली तीन पदरी नावं इथे फार घोळ घालतात. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे चिकटलेलं, लायसन्सवर ते गाळलेलं, इन्शुरन्सवर नुसतं आद्याक्षर, आणि लग्नाआधीच्या कागदांवर माहेरचं आडनाव. ही सगळी माणसं एकच आहेत हे काउंटरमागच्या व्यक्तीला कळायचं कारण नाही. निघण्याआधी इन्शुरन्स कंपनीला सांगून पत्रातलं नाव लायसन्ससारखं करून घ्या. आडनाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट मूळ प्रत सोबत ठेवा, सामानाच्या ट्रकमध्ये नको. आमचा ट्रक दहा दिवस उशिरा आला होता.

लायसन्सचं काम त्या मानानं सरळ. आयसीबीसीच्या लायसन्सिंग ऑफिसमध्ये अपॉइंटमेंट, ओळखीचे मूळ कागद, डोळ्यांची तपासणी, तब्येतीबद्दल प्रश्न, फोटो. जुनं कार्ड ते ठेवून घेतात, तात्पुरता पिवळट कागद मिळतो आणि नवीन कार्ड पोस्टानं येतं. जाण्याआधी एमएसपीचा, म्हणजे इथल्या आरोग्य विम्याचा, अर्ज करून ठेवा. कारण बी.सी. सर्व्हिसेस कार्ड, म्हणजे इथलं हेल्थ कार्ड, आणि लायसन्स एकाच कार्डावर घेता येतात आणि एक फेरी वाचते. एमएसपी सुरू व्हायला आल्याचा महिना आणि वर दोन महिने लागतात. तोवर ऑन्टारिओचं हेल्थ कार्ड टाकून देऊ नका.

ज्यांच्याकडे जी-टू, म्हणजे ऑन्टारिओचं पूर्ण 'जी' लायसन्सच्या आधीचं लायसन्स, आहे त्यांना वेगळं सांगायला हवं. बी.सी.त लर्नरचा काळ सोडून दोन वर्षांचा अनुभव दाखवता आला नाही तर क्लास फाइव्ह, म्हणजे पूर्ण लायसन्स, मिळत नाही, नवशिक्यांचा क्लास सेव्हन मिळतो, आणि गाडीच्या मागे हिरवा 'एन' (नोव्हिस) लावून हिंडावं लागतं. त्यात लाज कसली नाही, पण जी ची रोड टेस्ट द्यायला पात्र असाल आणि तारीख मिळत असेल तर ती देऊनच निघा. ओळखीच्या रस्त्यावर, ओळखीच्या गाडीत परीक्षा देणं केव्हाही सोपं.

आता गाडी. ऑन्टारिओची गाडी इथे नोंदवण्याआधी मान्यताप्राप्त गॅरेजमध्ये तपासून घ्यावी लागते. आपल्या गाड्या दिसायला चकचकीत असतात, पण खालून हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठानं खाल्लेल्या असतात. गंज, काचेला गेलेला तडा, झिजलेले टायर, पुढच्या दारांच्या काचांवर लावलेली काळी फिल्म, यातलं काहीही तुम्हाला परत पाठवू शकतं. म्हणून निघण्याआधी ब्रॅम्प्टनच्याच तुमच्या मेकॅनिककडून एकदा खालून बघून घ्या, तो निदान ओळखीनं पैसे घेईल. तपासणीचा कागद मिळाला की तो, ऑन्टारिओचा परमिट (गाडीच्या नोंदणीचा कागद), लायसन्स आणि ती पत्रं घेऊन ऑटोप्लॅन ब्रोकरकडे, म्हणजे आयसीबीसीचा इन्शुरन्स करून देणाऱ्या एजंटाकडे, जायचं. नोंदणी, प्लेट आणि इन्शुरन्स एकाच टेबलावर होतं. गाडी इथे राहायला येण्याआधी किमान ३० दिवस तुमच्या मालकीची असेल आणि घरगुती वापराची असेल तर तिच्यावर पुन्हा सेल्स टॅक्स लागत नाही. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात नवी गाडी घेण्याचा उत्साह आवरा. लीजची गाडी असेल तर लीज कंपनीला आधी कळवा; गाडीचे मालक ते आहेत, तुम्ही नाही.

ब्रोकर तुम्हाला विचारेल, गाडी कोण कोण चालवणार? इथे खोटं बोलू नका आणि अर्धवटही बोलू नका. सप्टेंबर २०१९ पासून आयसीबीसी सवलत ड्रायव्हरच्या इतिहासावर मोजतं. बेसिकच्या हप्त्याचा ७५ टक्के भाग मुख्य ड्रायव्हरवरून ठरतो आणि २५ टक्के यादीतल्या सगळ्यात जोखमीच्या दुसऱ्या ड्रायव्हरवरून. नुकतं लायसन्स मिळालेला मुलगा यादीत टाकला की हप्ता चढतो, हे खरं. पण तो यादीत नसताना त्याच्या हातून अपघात झाला तर दंडाचा भुर्दंड त्याहून मोठा बसतो. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले आणि अधूनमधून मंदिरापर्यंत गाडी नेणार असतील तर तेही ब्रोकरला आधीच विचारा. आणि वर्षाला १०,००० किलोमीटरपेक्षा कमी गाडी चालत असेल तर त्याची वेगळी सवलत मिळते. स्कायट्रेननं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, ऑफिसला जाणाऱ्यांनी ओडोमीटरचा फोटो काढून ठेवावा.

एक तोटा मात्र सोसावा लागेल. ऑन्टारिओत घर आणि गाडी एकाच कंपनीकडे ठेवून जी सवलत मिळत होती ती इथे तशीच्या तशी उरत नाही, कारण बेसिक आयसीबीसीकडे गेलं. हप्त्यांची तुलना करताना ऑन्टारिओचा एकरकमी आकडा आणि इथला नुसता बेसिकचा आकडा शेजारी ठेवून "किती स्वस्त!" म्हणू नका. वरचं कव्हर धरा, मग बोला. आणखी एक: १ मे २०२१ पासून इथे एन्हान्स्ड केअर आहे, म्हणजे चूक कुणाचीही असो, उपचारांचा खर्च आयसीबीसी देतं आणि समोरच्यावर दावा लावायचे मार्ग बरेचसे बंद आहेत. चूक कुणाची होती याची नोंद मात्र होतेच आणि हप्त्यावर तिचा परिणामही होतो.

अल्बर्टाला जाणाऱ्यांना यातलं अर्धंच लागू आहे. तिथे इन्शुरन्स खासगीच, सेल्स टॅक्स प्रांताचा नाहीच, आणि लायसन्स-प्लेटची कामं गल्लोगल्लीच्या रजिस्ट्री एजंटांकडे होतात. प्लेट फक्त मागे लागते, पुढची काढून ठेवली तरी चालते. एक्सपीरियन्स लेटर मात्र तिथेही हवंच. भारतातला आरटीओचा उतारा कधी काढला असेल तर तोही फाइलमध्ये असू द्या. पुन्हा मागवायचा म्हणजे गावी कुणाला तरी चार खेटे घालायला लावणं आलं.

जुनी पॉलिसी कधी बंद करायची, हा प्रश्न सगळे विचारतात. बी.सी.ची प्लेट लागून इन्शुरन्सचा कागद हातात पडल्यावर, त्याआधी एक तासही नाही. मुदतीच्या मध्येच रद्द केली तर बऱ्याच कंपन्या थोडी रक्कम कापून घेतात, म्हणून नूतनीकरणाची तारीख आणि निघायची तारीख जवळ आणता आली तर बघा. पत्र मागा ते रद्द केल्याच्या तारखेसकट. म्हणजे एक निघण्याआधी आणि एक रद्द केल्यावर, असं दोनदा मागावं लागेल.

आणि गाडी चालवतच येणार असाल तर लवकर निघा. १ ऑक्टोबरपासून डोंगरातल्या हायवेंवर विंटर टायर सक्तीचे होतात, आणि रॉजर्स पासला ऑक्टोबरातला बर्फ ऑन्टारिओच्या बर्फासारखा सपाट रस्त्यावर पडत नाही.