सोल्डरिंग शिकताना: आधी जागा तापवा, मग तार लावा

सोल्डरिंगला बसलेली नवी मुलं एक गोष्ट हमखास करतात. सोल्डरची तार आयर्नच्या टोकावर, म्हणजे बिटवर टेकवतात, वितळलेला थेंब उचलतात आणि जॉइंटवर नेऊन ठेवतात. वरून पाहिलं तर काम झालेलं दिसतं. पण तारेतला फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर धरू देणारं द्रव्य) बिटवरच धूर होऊन गेलेला असतो, पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि रेझिस्टरचा पाय थंडच असतो आणि सोल्डर नुसतं वर बसलेलं असतं. कार्ड, म्हणजे सर्किट बोर्ड, रिपेअरच्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो: आयर्नने जागा तापवायची आणि तापलेल्या जागेने सोल्डर वितळवायचं.

ज्यांनी कल्हईवाला काम करताना पाहिलाय त्यांना हे पटकन कळतं. तो आधी भांडं तापवतो, नवसागर टाकतो आणि मग कथील लावतो. कथील भांड्याच्या आचेनेच वितळतं आणि नवसागराने धातूवरचा ऑक्साइडचा थर निघालेला असतो म्हणून ते धरतं. आपल्या तारेतही कथीलच असतं, सोबत शिसं, आणि तारेच्या पोटात राळेचा फ्लक्स. नवसागर किंवा प्लंबिंगचा अ‍ॅसिड फ्लक्स मात्र बोर्डाच्या जवळपासही आणू नका. मागे राहिलेलं अ‍ॅसिड हळूहळू बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खात राहतं.

सामान फार लागत नाही. सोल्ड्रॉन कंपनीचं २५ वॅटचं साधं आयर्न, स्टँड, स्पंज, कटर, चिमटा, सक्कर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप) आणि कंटिन्यूइटीला, म्हणजे जोड सलग आहे का हे बघताना, बीप देणारा मल्टिमीटर. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड, एका फेरीत सगळं मिळतं. पैसे वाचवायचे तर मीटरमध्ये वाचवा, तारेत नको. हलक्या प्रतीच्या तारेत फ्लक्स कमी असतो आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलाच हात बसत नाहीये. ६०/४० किंवा ६३/३७ ची, २२ गेजची तार मागा. १८ गेजची जाड तार वायरी आणि टर्मिनलसाठी ठीक आहे, पण बारीक पॅडवर तिचा गोळाच होतो.

या दोन आकड्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली तार बरोबर १८३ अंशांना वितळते आणि त्याच तापमानाला गोठते. ६०/४० ची तार १८३ ते साधारण १९० अंशांच्या मधे लापशीसारखी असते. त्या क्षणी पाय हलला तर जॉइंटला आतून तडा जातो. म्हणून शिकताना ६३/३७ मिळाली तर बरं. शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि पसरायलाही कुरकुरतं. त्याच्याकडे हात बसल्यावर वळा.

मग तार १८३ ला वितळते तर स्टेशनवर (तापमान लावता येणाऱ्या आयर्नवर) ३३० ते ३५० अंश का ठेवायचे? कारण बिट टेकताच तांब्याचा ट्रॅक उष्णता ओढून घेतो. तापमान कमी ठेवलं की पॅडवर दहा-दहा सेकंद टेकून बसावं लागतं आणि पॅड बोर्डापासून सुटतो. काळजी म्हणून कमी तापमान ठेवणारे पॅड जास्त उखडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता एक जॉइंट नीट पाहू. रेझिस्टर झिरो पीसीबीत (सरावाचा, नुसत्या भोकांचा आणि पॅडचा बोर्ड) घातला, खालून पाय थोडे फाकवले, म्हणजे बोर्ड उलटा केल्यावर तो पडत नाही. बिट ओल्या स्पंजवर पुसली आणि तिला सोल्डरचा किंचित हात दिला. वितळलेल्या सोल्डरचा हा ओलसर थरच उष्णता पुढे नेतो. कोरड्या काळ्या बिटने कितीही दाबलं तरी उपयोग नाही. बिट अशी टेकवायची की ती पॅडला आणि पायाला एकाच वेळी लागेल. सेकंदभर थांबा. मग तार बिटच्या समोरच्या बाजूने पायाला लावा. जागा तापली असेल तर सोल्डर स्वतःहून पायाभोवती धावतं आणि पॅडच्या कडेपर्यंत पसरतं. ते धावताना डोळ्याला दिसतं, तेच बघायला शिका. आधी तार काढा, नंतर आयर्न आणि गोठेपर्यंत फुंकर मारू नका. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांचं काम. चांगला जॉइंट पायाकडे चढत गेलेल्या उतारासारखा दिसतो. गोल मणी दिसला तर सोल्डर जास्त झालंय किंवा पॅडला धरलेलंच नाही.

न धरलेल्या किंवा नंतर सुटलेल्या जॉइंटला बाजारात सगळे ड्राय सोल्डर म्हणतात आणि रिपेअरवाल्यांचं निम्मं पोट त्यावर चालतं. यूपीएसचं कार्ड उलटं करून भिंगाखाली धरा. ट्रान्सफॉर्मर, रिले, कनेक्टर अशा जड भागांच्या पायांभोवती केसासारखी बारीक गोल चीर दिसते. वर्षानुवर्षं तापून-निवून आणि हादऱ्यांनी ती पडते. कार्ड कधी चालतं, कधी बंद पडतं, टपली मारली की पुन्हा चालतं. तिथे नुसतं आयर्न फिरवू नका. जुनं सोल्डर ओढून घ्या, फ्लक्स लावा आणि नवीन भरा.

ओढून घेण्याचीही रीत आहे. जुनं सोल्डर वितळत नसेल तर आधी त्यात थोडं नवीन घाला. उलटं वाटेल, पण नव्या तारेतला फ्लक्स जुना थर मोकळा करतो आणि वाढलेल्या सोल्डरमुळे उष्णता आत पोचते. मग सक्कर. पाय अडकला असेल तर चिमट्याने ओढू नका, भोकातलं तांब्याचं अस्तर त्याच्यासोबत बाहेर येतं.

बिटची निगा राखा. लोखंडाचा मुलामा असलेली बिट कानशीने घासू नका. मुलामा गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं. घासायची ती फक्त साधी तांब्याची बिट. आयर्न बंद करण्याआधी टोकावर सोल्डर ठेवा.

धुराबद्दल घरचे विचारतात. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, धूर राळेचा असतो. पण तोही छातीला वाईट, दमा असलेल्यांना फारच. खिडकी उघडी ठेवा आणि धूर तोंडावरून बाजूला जाईल असा छोटा पंखा लावा. शिसं पोटात जातं ते हाताने, म्हणून काम झालं की साबणाने हात धुवा आणि टेबलावर खायचं काही ठेवू नका. आणि थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायची कार्डं सुरुवातीला उघडू नका. त्यातला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही तो धरून ठेवू शकतो.

सरावाला नवीन किट लागतंच असं नाही. भंगारातला जुना रेडिओचा किंवा टीव्हीचा बोर्ड आणा, भाग काढा आणि पुन्हा बसवा. मग झिरो पीसीबीवर ५५५ या टायमर आयसीचा एलईडी फ्लॅशर करा. आयसी थेट न डकवता बेस (सॉकेट) लावा, बुटके भाग आधी आणि उंच भाग शेवटी. सप्लाय देण्याआधी प्लस-मायनस मीटरने शॉर्ट नाही ना, हे बघायचंच. त्यानंतर एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे बारीक भाग: आधी १२०६ आकाराचे, मग त्याहून लहान ०८०५. एका पॅडवर थोडं सोल्डर घ्या, चिमट्याने भाग सरकवून तो पाय पक्का करा, मग दुसरा. इथे फ्लक्स हात राखून वापरू नका.

आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करणाऱ्यांनी तर हे घरी चालू ठेवावंच, कॉलेजच्या तासाला आयर्न हातात फार थोडा वेळ येतं. माझ्याकडे कामाला येणाऱ्याला मी एक जुनं कार्ड देतो आणि त्यावरची आयसी बदलायला सांगतो. ते परत आलं की मी आधी सोल्डरची बाजू बघतो, चालतंय का ते नंतर.