जुन्या बेसबॉल कार्डांचा ग्रेड केलेला संच जुळवण्याआधीची तयारी

लहानपणी बेसबॉलची कार्डे जमवलेली आणि पुढे शिक्षण, नोकरी व संसार यांत तो नाद मागे पडलेली माणसे चाळिशी-पन्नाशीत पुन्हा त्याकडे वळतात, तेव्हा त्यांच्या हाती सर्वांत आधी स्वतःचीच जुनी पेटी येते. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतील मुलांच्या पेट्याही याला अपवाद नाहीत. त्यांतील कार्डे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातली किंवा १९९०च्या सुरुवातीची असतील, तर ती आठवण म्हणून जरूर जपावीत. मात्र त्या वर्षांत छपाई एवढ्या अफाट प्रमाणावर झाली की त्यांतील बहुतेकांना आज बाजारात फारशी किंमत येत नाही, आणि त्यांच्या आधारावर नव्या छंदाचे अंदाजपत्रक बांधू नये. परतलेल्यांपैकी अनेकांना खरी ओढ असते ती १९५० व १९६०च्या दशकांतील एखादा संपूर्ण संच जुळवण्याची, आणि तोही असा की त्यातील प्रत्येक कार्ड तज्ज्ञ संस्थेने तपासून, त्याला श्रेणी देऊन, प्लास्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये ठेवलेले असावे. हे काम काही वर्षे चालणारे आहे, त्यामुळे पहिले कार्ड विकत घेण्यापूर्वी पुढील गोष्टी नक्की करून घ्याव्यात.

सर्वप्रथम संच निवडावा. नवख्या माणसाचे लक्ष कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९५२च्या संचाकडे जाते, कारण त्यातील मिकी मँटल या नामवंत खेळाडूचे ३११ क्रमांकाचे कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले आणि त्याची बातमी जगभर झाली. परंतु त्या संचात ४०७ कार्डे आहेत, आणि ३११ ते ४०७ ही शेवटची मालिका (त्या काळी संच अशा टप्प्यांत निघत) इतकी महाग आहे की परतलेल्या संग्राहकाचा उत्साह तिथेच संपण्याची भीती असते. १९७२चा संच तुलनेने स्वस्त असला तरी त्यात ७८७ कार्डे आहेत. माझ्या मते सुरुवातीला टॉप्सचा १९५५चा संच घ्यावा. त्यात केवळ २०६ कार्डे आहेत. टॉप्सचा हा पहिला पूर्णपणे आडवा संच असून उजळ रंगाच्या पार्श्वभूमीवर खेळाडूचा मोठा चेहरा, शेजारी खेळतानाचे छोटे चित्र आणि संघाचे चिन्ह अशी त्याची मांडणी फार देखणी आहे. त्या हंगामात मँटल बोमन या प्रतिस्पर्धी कंपनीच्या संचात होता, त्यामुळे तो इथे नाही, आणि एकाच कार्डाने सगळे पैसे गिळून टाकावेत असा प्रसंगही येत नाही. तरीही रोबेर्तो क्लेमेंते (१६४), सँडी कोफॅक्स (१२३) आणि हार्मन किलब्रू (१२४) या तिघांची रूकी कार्डे, म्हणजे अगदी पहिली कार्डे, इथे आहेत. शिवाय टेड विल्यम्स (२), हँक एरन (४७), जॅकी रॉबिन्सन (५०) आणि विली मेज (१९४) आहेतच. ब्रुकलिन डॉजर्सनी यँकीजना हरवून पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम स्पर्धा, जिंकली ती याच १९५५ साली, आणि त्या संघातील रॉबिन्सन, कोफॅक्स व ड्यूक स्नायडर हे तिघेही या संचात एकत्र भेटतात. ज्याला बेसबॉलच्या इतिहासाची आस्था आहे, त्याला एवढे कारण पुरेसे आहे.

संच ठरल्यावर क्रमांकवार यादी स्वतःच्या हाताने तयार करावी. १९५५च्या संचाचे क्रमांक २१० पर्यंत जातात, पण १७५, १८६, २०३ आणि २०९ ही चार कार्डे निघालीच नाहीत, म्हणून यादीत त्यांच्यासाठी रिकाम्या जागा ठेवू नयेत आणि त्यांच्या शोधात वेळही घालवू नये. १६१ पासून पुढची शेवटची मालिका आधीच्या मालिकांपेक्षा कमी मिळते, तेव्हा तो भाग यादीत वेगळ्या रंगाने दाखवावा. प्रत्येक नोंदीसमोर हवी असलेली श्रेणी, जास्तीत जास्त द्यायची किंमत, प्रत्यक्ष दिलेली किंमत, खरेदीची तारीख आणि स्लॅबवरील प्रमाणपत्र क्रमांक यांसाठी रकाने आखावेत. पुढे विमा काढताना आणि कधीकाळी विक्री करताना हीच यादी कामी येणार आहे.

त्यानंतर श्रेणी आणि श्रेणी देणारी संस्था या दोन गोष्टी एकत्रच ठरवाव्यात. पीएसए ही संस्था १९९१ पासून, तर एसजीसी ही १९९८ पासून हे काम करीत आहे. दोन्हीकडे १ ते १० असेच गुण (१० सर्वोत्तम) असले तरी स्लॅबची बांधणी, लेबल आणि बाजारातील मागणी वेगवेगळी आहे. संच ज्या संस्थेच्या रजिस्ट्रीत, म्हणजे संग्राहकांच्या संचांची नोंद व तुलना ठेवणाऱ्या यादीत, नोंदवायचा असेल, त्याच संस्थेच्या स्लॅबमधील कार्डे घ्यावीत, कारण पीएसएच्या संच-रजिस्ट्रीत दुसऱ्या संस्थेचे कार्ड धरले जात नाही, आणि मागाहून ते बदलून घेण्यात शुल्क तर जातेच, वर श्रेणी कमी होण्याचा धोकाही राहतो. रजिस्ट्रीत संचाची सरासरी काढताना नामवंत खेळाडूंच्या कार्डांना अधिक भार दिलेला असतो, हेही आधीच पाहून ठेवावे. नोकरदार माणसाने १९५५चा संच ५ किंवा ६ या श्रेणीत बांधावा असे मला मनापासून वाटते. ६ श्रेणीच्या कार्डाचे कोपरे किंचित झिजलेले असतात, पण रंग ताजा आणि पृष्ठभाग स्वच्छ असतो, आणि डोळ्यांना त्यात फारसे उणे दिसत नाही. ८ श्रेणीत गेल्यावर क्लेमेंतेची किंमत वाढते हे सर्वांच्या लक्षात असते. पण ज्याचे नावही कोणाला आठवत नाही अशा खेळाडूचे कार्ड त्या श्रेणीत मोजकेच असले, की रजिस्ट्रीतील पाच-सहा चुरशीचे संग्राहक लिलावात त्यासाठी भिडतात, आणि अंदाजपत्रक कोलमडते ते अशा साध्या कार्डांमुळे. म्हणून संस्थेने प्रसिद्ध केलेला श्रेणीनिहाय संख्येचा अहवाल संचातील प्रत्येक क्रमांकासाठी वाचावा आणि वरच्या श्रेणीत दुर्मीळ असलेली साधी कार्डे आधीच हेरून ठेवावीत.

सबंध संच एकाच श्रेणीत असणे सुंदर दिसते, तरी दोन ठिकाणी सवलत ठेवणे शहाणपणाचे आहे. त्या काळी मुले कार्डे क्रमांकाने लावून गठ्ठ्याला रबर बांधून ठेवत, त्यामुळे सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे कार्ड अधिक झिजे. या संचात पहिल्या क्रमांकावर १९५४च्या वर्ल्ड सिरीजचा नायक डस्टी ऱ्होड्स आहे आणि २१०व्या क्रमांकावर स्नायडर. हे दोघे चांगल्या अवस्थेत शोधताना दमछाक होते. त्यांच्या बाबतीत एक श्रेणी खाली उतरण्याची तयारी असावी.

यानंतरची तयारी नजरेची आहे, आणि ती पैशाच्या तयारीपेक्षा मोठी आहे असे मी मानतो. स्लॅबवरील आकडा सारखा असूनही दोन कार्डांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. एक ६ श्रेणीचे कार्ड कोपऱ्यांमुळे त्या श्रेणीत आलेले असते आणि त्याचे चित्र अगदी मधोमध छापलेले असते. दुसऱ्याचे कोपरे टोकदार असतात, पण चित्र एका बाजूला सरकलेले असते. आपल्याला यांतले कोणते आवडते हे आधी ठरवावे आणि सबंध संचभर तोच निकष पाळावा, कारण सगळी कार्डे शेजारी-शेजारी मांडल्यावर मिसळलेले निकष लगेच खटकतात. १९५५च्या कार्डांत पांढरी कड चारही बाजूंनी मोजून पाहावी, गडद पार्श्वभूमीवर छपाईचे पांढरे ठिपके आहेत का ते बघावे, आणि पाठीमागे कार्डांसोबत पाकिटात येणाऱ्या च्युइंगमचे किंवा वेष्टनाच्या मेणाचे डाग आहेत का तेही तपासावे. पीएसएच्या लेबलवर आकड्याच्या पुढे ओसी, एसटी, एमके अशी अक्षरे असतील, तर अनुक्रमे चित्र सरकलेले, डागाळलेले किंवा कार्डावर लेखणीची खूण असलेले आहे असा त्याचा अर्थ होतो. अशी कार्डे स्वस्त मिळतात. मात्र रजिस्ट्रीत त्यांचे दोन गुण वजा होतात, हे मोहात पडण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

विश्वास ठेवावा, पण पडताळणीही करावी. पीएसएने श्रेणी दिलेले अगदी पहिले कार्ड होते टी२०६ या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या संचातील होनस वॅग्नर या खेळाडूचे. त्याला ८ श्रेणी मिळाली, आणि पुढे २०१३ साली बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने त्या कार्डाच्या कडा आपण कापल्याची कबुली दिली. तपासणीची पद्धत त्यानंतर पुष्कळ सुधारली आहे, तरीही प्रत्येक खरेदीपूर्वी लेबलवरील प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या नोंदीत शोधावा, तेथे चित्र असल्यास समोरच्या कार्डाशी ते डागासह जुळवावे, आणि स्लॅबच्या कडांवर उघडल्याच्या खुणा आहेत का हे नीट पाहावे. स्लॅबबाहेरचे कार्ड घ्यायचे असल्यास दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि अतिनील दिवा ही तीन साधने घरात असावीत. १९५५च्या कार्डाचा आकार ३ ३/४ बाय २ ५/८ इंच आहे. १९५७ पासून टॉप्सची कार्डे लहान झाली, त्यामुळे नव्या कार्डांच्या मापाने जुनी कार्डे तपासू नयेत. आधुनिक कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायने असतात, आणि त्यामुळे नवी नक्कल अतिनील प्रकाशात निळसर चमकते. जुन्या पुठ्ठ्याला तशी चमक सहसा नसते. क्लेमेंते, कोफॅक्स आणि एरन यांची कार्डे मात्र सुट्या स्वरूपात घेऊच नयेत असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

साध्या कार्डांच्या बाबतीत हिशोब वेगळा आहे. सुटे कार्ड स्वस्तात घेऊन स्वतः श्रेणीसाठी पाठवावे असे अनेकांना वाटते, पण शुल्क, दोन्ही बाजूंचे टपाल आणि विमा धरल्यास मध्यम श्रेणीच्या साध्या कार्डावर त्याच्या बाजारभावापेक्षा अधिक खर्च होऊ शकतो. कामाचा ढीग साचल्यामुळे मार्च २०२१ मध्ये पीएसएला आपल्या बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या होत्या, हेही स्मरणात असावे. म्हणून साधी कार्डे आधीच स्लॅबमध्ये असलेली, आणि शक्य तर दहा-वीसच्या गठ्ठ्यात घ्यावीत. पाठवायचेच असेल, तर कार्ड पातळ पाकिटात घालून कार्ड सेव्हर नावाच्या अर्धकडक प्लास्टिकच्या आवरणात ठेवावे आणि त्याची किंमत प्रामाणिकपणे नोंदवावी.

खरेदीच्या क्रमाबद्दल मतभेद आहेत. मी आधी वीसेक साधी कार्डे घेऊन नजर तयार करावी, मग एकेका महिन्याच्या बचतीतून मोठी कार्डे उचलावीत आणि राहिलेली साधी कार्डे त्यांच्या अधेमधे भरीत जावीत असे सुचवीन. मोठी कार्डे शेवटी ठेवल्यास संच अर्धवट राहतो, आणि सुरुवातीलाच घेतल्यास न कळत्या नजरेने घेतली जातात. लिलावगृहात बोलीच्या वर साधारण वीस टक्के किंवा त्याहून अधिक खरेदीदार-शुल्क लागते, त्यामुळे बोलीची मर्यादा ते शुल्क वजा करून ठरवावी. दरवर्षी उन्हाळ्यात भरणाऱ्या नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शनला, जे १९८० पासून चालू आहे, एकदा तरी जावे. शेकडो स्लॅब हातात घेऊन पाहण्याची संधी दुसरीकडे मिळत नाही. भारतात राहून संच जुळवणाऱ्याने कार्डे एकेक करून मागवण्याऐवजी अमेरिकेतील नातेवाइकाच्या पत्त्यावर साठवावीत, आणि ती आणण्यापूर्वी सीमाशुल्काची चौकशी करावी.

साठवणीची जागा कार्डे येण्याआधी तयार हवी. स्लॅबवर ओरखडे पडतात, म्हणून प्रत्येकासाठी वेगळे पाकीट घ्यावे. स्लॅब हवाबंद नसतो, त्यामुळे तळघर आणि पोटमाळा टाळून चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेच्या, थेट ऊन न येणाऱ्या खोलीतील कपाट निवडावे. घराच्या विम्यात अशा संग्रहाला बहुधा तुटपुंजी मर्यादा असते. संग्रहासाठी स्वतंत्र विमा घ्यावा आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घराबाहेर सुरक्षित ठेवावीत. अमेरिकेत अशा वस्तूंवरील दीर्घकालीन नफ्यावर जास्तीत जास्त २८ टक्के दराने कर लागू शकतो, तेव्हा खरेदीच्या पावत्या टाकू नयेत. अधिक चांगले कार्ड मिळाल्यावर जुने लगेच विकायला काढावे, आणि विकताना त्याचा प्रमाणपत्र क्रमांक रजिस्ट्रीतील आपल्या नोंदीतून मोकळा करावा, म्हणजे घेणाऱ्याला ते आपल्या संचात विनाविलंब नोंदवता येईल.